सुपे, १२ मे १८७५ : रोख्यांची होळी आणि मागचा चाळीस वर्षांचा हिशेब

१२ मे १८७५ हा बुधवार, सुप्याच्या बाजाराचा दिवस. सुपे तेव्हा पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. आसपासच्या गावांतली माणसं बाजाराला आलेली होती आणि गावातले दुकानदार-सावकार बहुतेक गुजराती. जमावानं त्या दिवशी सावकारांची घरं आणि दुकानं फोडली, वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि हाती लागले ते रस्त्यात पेटवले. पुण्याचे जिल्हा दंडाधिकारी शनिवारी, १५ तारखेला पोचले. त्यांनी पोलीस आयुक्तांना लिहिलेल्या पत्रात सरळ मोजदाद आहे : एका सावकाराचं घर जळालेलं, डझनभर घरं फोडून आतलं सगळं बाहेर काढलेलं, हिशेबाचे कागद, रोखे, धान्य, देशी कापड रस्त्यावर जाळलेलं, राखेचे ढीग अजून तिथंच. ५० जण धरले. चोरीचा २,००० रुपयांचा माल परत मिळाला. नुकसान अंदाजे २५,००० रुपयांच्या वर, सावकार मात्र लाखाच्या वर सांगत होते.

या मोजदादीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. काहींनी माल नेला, तो २,००० रुपयांचा सापडला. पण २५,००० च्या मानानं तो किरकोळ आहे. धान्याला आग लावणारा जमाव पोटासाठी आलेला नसतो. पुढे दोनेक महिन्यांत सुमारे ६,५०० चौरस किलोमीटरच्या टापूत, पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हेच घडलं, आणि पद्धत जवळजवळ सगळीकडे सारखी राहिली : आधी कागद मागायचे. दिले तर सावकाराला बहुधा कुणी हात लावत नसे. नाही दिले तर घर फोडायचं, क्वचित पेटवायचं. काही ठिकाणी मारहाण झाली, पण इतक्या गावांत इतका राग असताना माणसांना झालेली इजा फारच थोडी, हे खुद्द सरकारी चौकशीतही नोंदलं गेलं. एकूण ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा.

इतिहासाच्या पुस्तकांत याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. बंडाच्या मागची आर्थिक-सामाजिक यंत्रणा सुटी करून बघायची असेल तर हे प्रकरण फार सोयीचं आहे. क्षेत्र छोटं आहे, तारखा स्पष्ट आहेत, आणि जमावाला नेमकं काय हवं होतं याबद्दल वाद नाही. त्यांना कागद हवा होता. तो कागद इतका महत्त्वाचा कसा झाला, हा खरा प्रश्न.

सारा ठरला, जमिनीला भाव आला

पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी इथं रयतवारी आणली, म्हणजे सारा थेट खातेदाराकडून. पहिली मोजणी प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची, १८२० च्या दशकाच्या अखेरीची. निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारनं घ्यायचं, असं त्यांचं गणित. निव्वळ उत्पन्न म्हणजे पिकातून लागवडीचा खर्च वजा करून उरलेलं. कागदावर हे नेटकं दिसतं. प्रत्यक्षात मोजणी करणाऱ्यांनी उत्पन्न फुगवलं, खर्च कमी धरला, आणि दर इतके चढे बसले की गावंच्या गावं जमीन पडीक टाकून निघून गेली.

मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्यानं सुरुवात केली. त्यांनी उत्पन्नाचा नाद सोडला आणि माती बघितली. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती पाडल्या, चुनखडी, वाळू, उतार, पाणथळपणा असे दोष धरून प्रत खाली आणली आणि प्रत्येक प्रतीला सोळा आण्यांच्या मापात किंमत दिली. गावाचा मूळ दर पाऊसमान आणि बाजाराचं अंतर पाहून ठरला. तो ३० वर्षांसाठी पक्का. सारा माणसावर नाही, सर्व्हे नंबरवर. वर्षाअखेर नको असलेला नंबर सोडून द्यायची मुभा.

ही पद्धत प्रिंगलच्या मानानं खूपच बरी होती. दर बेताचे होते, पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली. पण तिच्यात दोन गोष्टी अशा होत्या की ज्यांचा परिणाम तीस वर्षांनी कळला.

एक, सारा रोख आणि ठरलेला. पाऊस झाला काय, न झाला काय, हप्ता तोच. पूर्व पुणे आणि दक्षिण नगरचा हा टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. वर्षाला वीस इंचांच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. इथल्या शेतकऱ्याचं उत्पन्न वर्षागणिक दुप्पट-निम्मं होतं. मराठा अमलात वाईट वर्षी पाटील मामलेदाराशी हुज्जत घालून सूट आणायचा. ती पद्धत काही दयाळू नव्हती, पण तिच्यात ढील होती. नव्या पद्धतीत ती ढील सावकारानं द्यायची, असंच ठरल्यासारखं झालं. वाईट वर्षी हप्ता भरायला सावकार, चांगल्या वर्षी त्याची परतफेड. सरकारची वसुली बिनबोभाट होत होती ती सावकाराच्या जोरावर.

दोन, जमीन हस्तांतर करता येण्याजोगी झाली. बेताचा पक्का सारा आणि विकायची मोकळीक, या दोन्हींमुळे जमिनीला बाजारात भाव आला. भाव आला म्हणजे ती गहाण पडू शकते. पूर्वी कुणब्याला कर्ज मिळायचं ते त्याच्या पुढच्या पिकावर आणि इभ्रतीवर, त्यामुळे कर्जाला आपोआप लगाम होता. आता ते मिळू लागलं जमिनीवर, आणि लगाम सुटला. शेतकऱ्याच्या भल्याची सुधारणाच त्याच्या गळ्यातला फास झाली, असं म्हणायचा मोह होतो. पण तो थोडा घाईचा निष्कर्ष आहे. नुसती पत मिळाली म्हणून कुणी बुडत नाही. पत आणि न्यायालय एकाच बाजूला गेलं की बुडतो.

रोखा कसा वाढतो

पूर्वी गावातला सावकार गावावर अवलंबून असे. वसुलीसाठी तो तगादा लावी, दारात धरणं धरी, पंचांना बोलवी. पण कुळाचं घर उठवायला गावाची मूक संमती लागे, आणि पाटील, बलुतेदार, भाऊबंद यांना दुखवून त्याला तिथं दुकान चालवता येत नसे. दिवाणी न्यायालयं आली आणि ही गरज संपली. आता त्याला गावाची नाही, तालुक्याच्या मुन्सफाची, म्हणजे दिवाणी न्यायाधीशाची, सही हवी होती. बाहेरून आलेल्या मारवाडी आणि गुजराती सावकारांना ही व्यवस्था विशेष मानवली. गावाशी त्यांचं रोटी-बेटीचं नातं नव्हतं, त्यामुळे लाजही नव्हती. ब्राह्मण, आणि काही ठिकाणी कुणबी, सावकारही तोच धंदा करत आणि दरही काही दयेचे नव्हते, हे इथंच सांगून ठेवायला हवं.

व्याजावरची कायदेशीर मर्यादा १८५५ साली उठली. दुसरा बदल १८५९ चा : मुदतीच्या नव्या कायद्यानं नोंदणी नसलेल्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. तीन वर्षांत दावा लावला नाही तर रोखा रद्दी. हेतू चांगला होता, जुने कागद उकरून व्याज चढवत बसू नये म्हणून. झालं ते नेमकं उलट. तीन वर्षं भरत आली की सावकार कुळाला बोलवी : एक तर पैसे टाक, नाही तर नवा रोखा लिहून दे. पैसे नसतच. नव्या रोख्यात जुनी मुद्दल आणि साचलेलं व्याज मिळून नवी मुद्दल होई.

याचा परिणाम आकड्यांनीच कळतो. हिंदू कायद्यात दामदुप्पट हा नियम आहे : थकलेलं व्याज मुद्दलीपेक्षा जास्त वसूल करता येत नाही. १०० रुपयांवर साधं २४ टक्के व्याज धरा, म्हणजे महिन्याला शेकडा दोन, त्या काळी अगदी चालू दर. एकच रोखा बारा वर्षं चालला असता तर दामदुपटीच्या नियमानं देणं २०० रुपयांवर थांबलं असतं. पण दर तीन वर्षांनी रोखा नवा केला तर तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी २९६, नऊ वर्षांनी ५०९ आणि बारा वर्षांनी ८७५. प्रत्येक वेळी रोखा 'नवा' असल्यामुळे दामदुप्पट लागूच होत नाही. मधल्या काळात कुळानं खळ्यावर धान्य दिलेलं असे, पण त्याची पावती नसे, आणि हंगामात भाव पडलेला असताना ते सावकाराच्याच भावानं मोजलं जाई. चौकशीत एक प्रकरण असंही आलं की १०० रुपयांच्या कर्जावर २,००० हून अधिक रुपये व्याज लावलेलं होतं. वरचं गणित पाहिलं तर त्यात लबाडीची फारशी गरजही नव्हती, हेच भयंकर.

अर्थात लबाडीही होतीच. पैसे देतानाच मनोती, म्हणजे सावकाराची आगाऊ कपात, कापून घ्यायची आणि रोखा पूर्ण रकमेचा लिहायचा. लिहिणारा सावकाराचा माणूस, वाचता न येणारा कुणबी खाली नांगराची निशाणी काढणार. फेड झाली तरी जुना रोखा फाडायचा नाही. बी-बियाण्याला धान्य सवाई-दिढीनं द्यायचं, म्हणजे मणाला सव्वा किंवा दीड मण परत. या सगळ्याचा कळस म्हणावा असा एक भाडेखताचा नमुना त्या काळच्या कागदपत्रांत आहे. शेतकऱ्यानं देण्यापोटी लोखंडी आसाच्या दोन गाड्या आणि चार बैल सावकाराला विकले, आणि त्याच कागदात त्याच गाड्या, तेच बैल महिना चार रुपये भाड्यानं परत घेतले. वर्षाला ४८ रुपये, स्वतःच्याच बैलांचे. बैल गोठ्यातून हललेही नाहीत.

दावा झाला की कुळ बहुधा हजरच होत नसे. समन्स पोचत नसे, किंवा पोचल्याचं लिहिलं जाई, किंवा तालुक्याला जाण्याचा खर्च आणि कामाचा खाडा परवडत नसे, आणि गेलं तरी रोख्याखालची निशाणी आपलीच हे नाकारता येत नसे. एकतर्फी हुकूमनामा होई. मग जप्ती, किंवा दिवाणी तुरुंगाची धमकी. ती प्रत्यक्षात आणण्यापेक्षा दाखवण्यासाठीच जास्त उपयोगी पडे. तुरुंग टाळायला माणूस आणखी एक रोखा लिहून देई.

बऱ्याच सावकारांना जमिनीची मालकी नकोच असे. खात्यावर नाव कुणब्याचं ठेवायचं, म्हणजे सारा त्याच्या नावावर, राबणारा तोच, आणि पोटापुरतं सोडून बाकी पीक सावकाराकडे. मोजणीच्या नकाशात तो खातेदार, प्रत्यक्षात सावकाराचं कूळ. विंगेट यांनी १८५२ मध्येच या नात्याबद्दल सरकारला सावध केलं होतं. म्हणजे कळलं नव्हतं, असं नाही.

कापसाची तेजी, आणि ती ओसरल्यावर

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस थांबला. १८६२ मध्ये ब्रिटनला येणाऱ्या कापसातला बराच मोठा भाग भारतातून जात होता. मुंबईत पैशाचा पूर आला, तो सावकारांच्या साखळीतून खाली गावापर्यंत उतरला. कापूस लावणाऱ्याला एकराला १०० रुपये उचल मिळत होती.

पूर्व पुण्यात कापूस तसा बेताचाच. पण तेजी इथंही आली, दुसऱ्या वाटेनं. पुणे-सोलापूर रेल्वे याच टापूतून गेली, बोरघाटाचं काम १८६३ मध्ये पुरं झालं, आणि या कामांवर गाडी-बैल घेऊन गेलेल्या कुणब्याला रोख मजुरी मिळाली. धान्याचे भाव चढे होते. जमिनीला भाव होता. कर्ज हवं तेवढं, आणि लोकांनी ते घेतलं : विहिरी, बैल, लग्नं, जुन्या देण्याची फेड. 'कुणब्यानं लग्नात पैसे उधळले' हे त्या काळच्या साहेबांचं आवडतं स्पष्टीकरण. पण भाव चढत असताना कर्ज काढणं हा मूर्खपणा असेल तर मुंबईत समुद्र भरून जमीन करू पाहणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर घेणारे शेठ त्याहून मोठे मूर्ख ठरतात.

१८६५ मध्ये यादवी संपली, शेअरबाजार कोसळला, मुंबई बँकही त्यातून उठली नाही. गावचा सावकार मोठ्या पेढीचा ऋणको, पेढी मुंबईची. वरून ताण आला तसा त्यानं खाली हात आखडता घेतला. उचल बंद, जुन्या बाकीचा तगादा सुरू. १८६६-६७ मध्ये पाऊस गेला. रेल्वेची कामं संपली होती. १८७० नंतर धान्याचे भाव उतरू लागले, म्हणजे तोच हप्ता भरायला जास्त ज्वारी विकावी लागू लागली.

आणि याच काळात तीस वर्षांची मुदत भरत आली. पहिल्यांदा इंदापूर, १८६७ साली. मग एकेक तालुका. नवे दर ठरवताना अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तेजीतले भाव होते. रेल्वे आली, बाजार जवळ आला, जमिनीची किंमत वाढली, म्हणून सारा वाढवायला हरकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. वाढ अनेक ठिकाणी ५० ते १०० टक्के. तेजी मोजून मंदीत वसूल करायची, असा हा प्रकार. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकारानं १८७३ च्या सुमारास गावोगावची माहिती जमवून या वाढीविरुद्ध अहवाल काढला. ओरड इतकी झाली की १८७४ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारनं वाढीला मर्यादा घातली : तालुक्यावर एकूण वाढ ३३ टक्क्यांपर्यंत, एका गावावर ६६, एका खात्यावर १०० टक्क्यांपर्यंत.

पुढचा भाग सहसा वगळला जातो, आणि आमच्या मते ठिणगी तिथंच आहे. त्याच सुमारास असंही ठरलं की सारा थकला तर आधी जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, मालमत्तेतून वसूल करावा, जमिनीला हात शेवटी लावावा. रयतेसाठी ही सवलत. सावकारानं ती वेगळी वाचली. आतापर्यंत तो कुळाचा हप्ता भरत होता कारण हप्ता चुकला तर जमीन सरकारजमा होऊन त्याचं तारण बुडालं असतं. आता ती भीती कमी झाली, तर हप्ता त्यानं का भरावा? अनेक सावकारांनी त्या हंगामात पैसे द्यायचं नाकारलं. म्हणजे १८७४-७५ मध्ये कुणब्यासमोर सरकारचा वाढीव हप्ता उभा होता, आणि तीस वर्षं हा हप्ता भरणारा माणूस दार लावून बसला होता. शिवाय हातात हुकूमनामे होतेच.

सावकारी नुसती पिळवणूक असती तर ती अजून बरीच वर्षं चालली असती. ती एक देवघेव होती, अत्यंत विषम पण देवघेव. लोकांच्या मनात तिचा एक अलिखित करार होता : तू लुबाड, पण वाईट वर्षी पाठीशी राहा. सावकारानं लुबाडणं चालू ठेवून दुसरी अट मोडली.

करड्याचा बहिष्कार

सुप्याच्या आधी पाच महिने, १८७४ च्या डिसेंबरात, शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम या मारवाडी सावकारानं बाबासाहेब देशमुखांवर १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं राहतं घर उतरवलं. देशमुख हे वतनदार घराणं. साध्या कुणब्याचं घर गेलं असतं तर गावानं हळहळ केली असती. देशमुखाचा वाडा पडल्यावर प्रत्येकाला आपला नंबर दिसला. शिवाय देशमुखाला वजन होतं, ओळखी होत्या, चार गावांत शब्द होता. नेतृत्व अशा माणसाकडून येतं, ज्याच्याकडे गमवायला काही असतं आणि जे नुकतंच गेलेलं असतं.

गावानं मारवाड्यांवर बहिष्कार घातला. हे हत्यार गावाला नवं नव्हतं, जातपंचायतीच्या वाळीत टाकण्याचंच ते रूप. सावकाराचं शेत कुणी करायचं नाही. दुकानातून काही घ्यायचं नाही. न्हावी हजामत करणार नाही, परीट कपडे धुणार नाही, पाणक्या पाणी भरणार नाही. घरापुढे मेलेली कुत्री टाकण्यापर्यंत मजल गेली. शेजारच्या तालुक्यांत अशी समापत्रं, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून केलेली करारपत्रं, लिहून झाली : जो सावकाराचं काम करील त्याला जातीबाहेर टाकू, बलुतेदारानं सेवा केली तर त्याचं बलुतं बंद. सावकार आपलं चंबूगबाळं घेऊन तालुक्याच्या ठिकाणी, पोलिसांच्या आसऱ्याला निघाले.

बहिष्काराला मर्यादाही होती. तो गावात असलेल्या सावकाराला लागू पडतो, पण तालुक्याच्या न्यायालयातल्या हुकूमनाम्याला नाही. सावकार शिरूरला बसूनही जप्ती आणू शकत होता. बहिष्कारातून जाळपोळीकडे वळण लागलं ते या कोड्यामुळे असावं. माणूस हटवून भागत नाही, कागद हटवावा लागतो. देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याचे रोखे इंद्रायणीत बुडवले, ही कथा या टापूतल्या पोराटोरांना ठाऊक होती. फरक इतकाच की तिथं कागद सावकाराच्या घरच्याच माणसानं बुडवले होते.

आणखी एक गोष्ट लागते : आपलं करणं बेकायदा नाही, असा विश्वास. तो अफवेनं पुरवला. एका साहेबाला मारवाड्यांनी बुडवलं, त्यानं राणीकडे दाद मागितली आणि राणीचा हुकूम सुटला आहे की मारवाड्यांनी रोखे परत द्यावेत, अशी वदंता गावोगाव फिरत होती. लोक सरकारविरुद्ध उठत नव्हते, सरकारचाच हुकूम बजावत होते, निदान त्यांना तसं वाटत होतं. सारा सरकारचा, वाढ सरकारची, न्यायालय सरकारचं, आणि आग लागली सावकाराच्या वहीला. जवळ असलेल्यावर राग निघतो, हे एक. पण सरकार दूर आणि न्यायी आहे, मधले लोक खोटे, ही समजूत असल्याशिवाय इतक्या साध्या माणसांनी भर बाजारात हे केलं नसतं.

इथंच का?

कर्ज सगळीकडे होतं. खानदेश-वऱ्हाडात कापूस जास्त आणि सावकारीही भरपूर, तिथं दंगा नाही. साताऱ्यात सप्टेंबरमध्ये कुकरूड भागात एक प्रकार झाला, तेवढाच. सोलापूर शांत. काही अभ्यासक तर म्हणतात की हे दंगे इतके छोटे होते की त्यांना इतकं महत्त्व मिळालं ते नंतर आलेल्या कायद्यामुळे. त्यात तथ्य आहे. तीसेक गावं म्हणजे दख्खन नव्हे.

पण म्हणूनच फरक बघणं फायद्याचं. काळ्या कसदार जमिनीच्या मुलखात वाईट वर्षातूनही माणूस तग धरतो. शिरूर, भीमथडी, इंदापूर, पारनेर, श्रीगोंदे हा हलक्या जमिनीचा आणि बेभरवशाच्या पावसाचा पट्टा. साऱ्याची फेरआकारणी आधी इथंच आली. सावकार बाहेरून आलेले आणि गावात वेगळे दिसणारे. जिथं ब्राह्मण आणि मारवाडी दोघंही सावकारी करत तिथं बहुधा मारवाड्यालाच त्रास झाला, यावरून पैशाइतकाच परकेपणाही मोजला गेला हे उघड आहे. आणि गाव अजून मोडलेलं नव्हतं. पाटील, देशमुख, बलुतेदार एका शब्दात हलत होते. सुप्याला पुढाकार अगदी नागवलेल्यांचा नव्हता, गमवायच्या बेतात असलेल्यांचा होता. दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारनं नेमलेल्या आयोगानं नगर जिल्ह्यातल्या बारा गावांची पाहणी केली तेव्हा सरकारी जमिनीच्या खातेदारांपैकी सुमारे एक तृतीयांश कर्जात रुतलेले निघाले, देणं सरासरी त्यांच्या साऱ्याच्या अठरा पट, आणि त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश जमीन गहाण टाकून घेतलेलं. म्हणजे दोन तृतीयांश अजून रुतलेले नव्हते. त्यांना शेजाऱ्याचं काय झालं ते दिसत होतं.

याची उलटतपासणी लगेच पुढच्याच वर्षी झाली. १८७६ ते ७८ चा दुष्काळ १८७५ पेक्षा कितीतरी भयंकर होता. माणसं रस्त्याकडेला मेली, गुरं कवडीमोलानं गेली. रोख्यांच्या होळ्या मात्र झाल्या नाहीत. १८७७ च्या सुरुवातीला मजुरी कापल्यावर दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी कामं सोडली, १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना घेऊन शिरूर तालुक्यात धामारीला सावकारांवर दरोडा घातला. त्या वेगळ्या जातीच्या घटना आहेत. गावानं एकत्र येऊन बाजाराच्या दिवशी वही मागायला गाव जागेवर असावं लागतं, आणि दुष्काळात गावच पांगतं.

चौकशी आणि कायदा

लष्कर आलं, गावांत पोलीस ठाणी बसली, काही महिन्यांत सगळं थंड झालं. १८५७ ला अठराच वर्षं झालेली असल्यामुळे सरकार धास्तावलेलं होतं. दख्खन दंगे आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. सावकार, रयत, अधिकारी यांच्या साक्षी, भाव आणि व्याजाची कोष्टकं, रोख्यांचे नमुने, सगळं त्यात आहे. निष्कर्ष मात्र आधीच ठरल्यासारखा : दोष सावकाराचा आणि दिवाणी कायद्याचा, साऱ्याचा नाही. ऑकलंड कॉल्व्हिन या सदस्यानं वेगळं मत नोंदवून साराच मोठं कारण असल्याचं सांगितलं, पण त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही. रोख्यांबद्दलचे पुरावे इतके ढळढळीत होते की त्यांच्यामागे सारा सहज झाकला गेला.

१८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा याच निदानावर उभा राहिला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातल्या तरतुदी पाहिल्या तर वरच्या प्रत्येक छिद्राला एकेक ठिगळ दिसतं. न्यायाधीशानं रोख्यावर थांबू नये, व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन मुद्दल किती, व्याज किती, फेड किती हे स्वतः काढावं. मुदत वाढवली, म्हणजे तीन वर्षांचं नूतनीकरण टळेल. गावोगाव निबंधक नेमले, त्यांच्यासमोर लिहिल्याशिवाय शेतकऱ्याचा रोखा ग्राह्य नाही. पावती देणं बंधनकारक. कर्जापोटी शेतकऱ्याला तुरुंग नाही. स्पष्ट गहाण नसलेली जमीन विकता येणार नाही. हप्ते बांधून द्यायची मुभा, दाव्याआधी समेट घडवणारे सलोखेकार. महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली न्यायाधीश म्हणून वर्षानुवर्षं काम केलं.

कायद्यानं फरक पडला, दाव्यांचा ओघ घटला, एकतर्फी निकाल कमी झाले. पण सावकारही कायदा वाचतो. गहाणखताच्या मुळात न्यायालय शिरतं म्हटल्यावर त्यानं गहाणखत लिहून घेणंच सोडलं आणि सरळ खरेदीखत मागू लागला. पैसे फेडलेस की जमीन परत करीन, हे तोंडी. कागदावर विक्री, मनात गहाण. शेतकऱ्याची स्थिती पूर्वीपेक्षा वाईट, कारण आता रोख्याची मुदत नाही, व्याजाचा हिशेब नाही, दामदुप्पट नाही, सगळं सावकाराच्या शब्दावर. हे छिद्र बुजवायला, म्हणजे खरेदीखत दिसायला विक्रीचं असलं तरी ते खरं गहाण आहे का हे तपासायचा अधिकार न्यायालयाला द्यायला, विसावं शतक उजाडावं लागलं.

आणि मूळ प्रश्न, वाईट वर्षी हप्ता भरायला पैसे कुठून आणायचे, तो कायद्यानं सोडवलाच नव्हता. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली होती : सरकारनं तडजोड करून जुनी देणी मिटवायची, मग बँकेनं माफक व्याजानं नवं कर्ज द्यायचं. भारत सरकारनं ती उचलून धरली. लंडनहून भारतमंत्र्यांचा नकार आला. सहकारी पतपेढ्यांचा कायदा त्यानंतर वीस वर्षांनी, १९०४ मध्ये झाला, आणि सुप्याच्या राखेला तोवर २९ वर्षं झाली होती.